वादळाच्या वाटेवरील भालकी

भालकी हे नाव उच्चारले की इतिहासाच्या अभ्यासकास प्रायः दोन गोष्टी आठवतात. पहिली गोष्ट सेनापती धनाजी जाधवांचा पुत्र चंद्रसेन याची. अठराव्या शतकाच्या आरंभी तो छत्रपती शाहूंचा पक्ष सोडून निजामुल्मुल्काकडे गेला व त्यास हा भालकीचा मुलूख जहागिरीदाखल मिळाला. दुसरी गोष्ट सन १७५२ च्या नोव्हेंबर महिन्यातील. नानासाहेब पेशवे व सलाबतजंग यांच्यामध्ये तह झाला तो येथेच, आणि त्या तहाने गोदावरी व तापी यांमधील वऱ्हाडचा पश्चिमेकडील मुलूख मराठ्यांस मिळाला. ह्या दोन्ही घटना दप्तरांत नमूद आहेत व त्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ह्या भूमीचा एक तिसराही इतिहास आहे. तो तलवारीने घडविलेला नाही, लेखणीने लिहिलेला नाही. तो पावसाने घडविला आहे आणि तळ्यांच्या बांधांवर, नद्यांच्या पात्रांत व देवळांच्या पायऱ्यांवर त्याच्या खुणा उमटल्या आहेत. त्या इतिहासाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

नकाशा पुढे घेऊन भालकीपासून थेट पश्चिमेस रेघ ओढली, तर ती कोकणात श्रीक्षेत्र हरिहरेश्वराजवळ सिंधुसागरास भिडते. आग्नेयेस ओढली, तर आंध्र देशातील मच्छलीपट्टणाजवळ बंगालच्या उपसागरास भिडते. ह्या दोन्ही रेघांची लांबी जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटर भरते. भालकी अशी दोन समुद्रांच्या मधोमध, दोन हजार फुटांच्या आसपास उंचीच्या पठारावर वसली आहे. येथील माणसाला समुद्राचे भय कशाला वाटावे? लाटेची गाज येथवर ऐकू येत नाही, खारा वारा येथवर पोहोचत नाही. आणि तरीही येथील कित्येक वर्षांची सुगी व कित्येक वर्षांचा विध्वंस ह्या समुद्रात जन्मलेल्या वादळांनीच ठरविला आहे. आमच्या कोंकणीभाषक बांधवांना वादळ समोरून, होडीच्या नाळेवर भेटते. आम्हां पठारावरील लोकांना ते पाठीमागून, ढगांच्या रूपाने गाठते. भेद एवढाच.

वादळ म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. भागवतात तृणावर्ताची कथा आहे. गोकुळात अकस्मात धुळीचा भोवरा उठतो आणि बालकृष्णास आकाशात उचलून नेतो. गरगर फिरणाऱ्या वाऱ्याची ही जाणीव आपल्याकडे इतकी जुनी आहे. परंतु समुद्रावरील मोठी वादळेही अशीच एका केंद्राभोवती फिरत असतात, ही गोष्ट शास्त्राच्या ध्यानी आली ती एकोणिसाव्या शतकात. कलकत्ता येथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नामक गृहस्थाने जहाजांच्या नोंदवह्या ताडून पाहून हा विषय मांडला व १८४८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात अशा वादळास ‘सायक्लोन’ हे नाव दिले. सर्पाच्या वेटोळ्यावरून त्याला हा शब्द सुचला. चीन व जपानच्या समुद्रात त्यालाच ‘टायफून’ म्हणतात, अमेरिकेच्या बाजूस ‘हरिकेन’ म्हणतात. आपण त्यास चक्रीवादळ म्हणतो. बोलीत तुफान म्हणतो. नावे निराळी, प्रकृती एक.

ह्या वादळास जन्म, वाढ, यौवन व मरण अशा चारही अवस्था असतात. समुद्राचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापले आणि ती उष्णता बऱ्याच खोलीपर्यंत मुरली, की पाण्याची वाफ विपुल प्रमाणात वर चढू लागते. वर गेल्यावर ती थंड होते, तिचे मेघ होतात, आणि वाफेने जी उष्णता समुद्रातून उचलली होती ती आकाशात मोकळी होते. त्या उष्णतेने हवा अधिकच वर उसळते, खाली दाब कमी होतो व चहूंकडून वारे त्या पोकळीकडे धाव घेतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते सरळ न येता वळतात. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. विषुववृत्तावर मात्र हे वळण मिळत नाही, म्हणून वादळ त्याच्या अगदी निकट जन्मत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरांवर गेला की हवामानखाते त्यास ‘कमी दाबाचा पट्टा’ न म्हणता अवदाब म्हणते. ५० वर गेला की तीव्र अवदाब. आणि ६२ झाला की ते चक्रीवादळ ठरते व त्याचे बारसे होते. पुढे ते वाढतच गेले, तर मध्यभागी एक डोळा उघडतो. त्या डोळ्यात वारा जवळजवळ निश्चल असतो, आणि त्याच्या कडेला मात्र प्रलय चाललेला असतो. डोळा डोक्यावर आला म्हणजे वादळ सरले असे समजून लोक घराबाहेर पडतात, आणि मग उलट दिशेचा वारा त्यांना गाठतो.

किनाऱ्यास लागताच वादळाचे मरण सुरू होते. कारण ज्या उष्ण पाण्यावर त्याचे पोषण होत होते ते पाणीच तुटते. वारा पडतो, डोळा मिटतो. समुद्रकाठच्या माणसासाठी गोष्ट येथे संपते. पठारावरच्या माणसासाठी ती येथेच सुरू होते. वारा मेला तरी मेघ मरत नाहीत. समुद्रातून उचललेली अपार वाफ पोटात घेऊन तो भोवरा मंद गतीने आत सरकत राहतो, कधी एका जागी रेंगाळतो, आणि दोन दिवसांत दोन महिन्यांचा पाऊस ओततो. किनाऱ्यावर वादळ वाऱ्याने व लाटेने मारते. आमच्याकडे ते पाण्याने मारते. मच्छलीपट्टणास १ नोव्हेंबर १८६४ रोजी वादळाबरोबर समुद्रच आत शिरला व सुमारे तीस हजार माणसे प्राणांस मुकली. बंगालच्या किनाऱ्यावरही त्याच वर्षी असाच अनर्थ झाला होता. ह्या आपत्तींनी व पाठोपाठच्या अवर्षणांनी सरकारास जाग आणली आणि १८७५ साली भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली.

परंतु वादळास केवळ संहारक म्हणणे न्यायाचे होणार नाही. नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपले पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर व कोकणातच रिते करून आमच्याकडे येतो. भालकी, बीदर, कलबुर्गी हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. मृगाने हुलकावणी दिली, आश्लेषा-मघा कोरड्या गेल्या, की येथील शेतकरी उत्तरा व हस्ताकडे डोळे लावून बसतो. ह्या उशिराच्या पावसाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरातून येणारे अवदाब घेऊन येतात. तळी भरायची ती तेव्हाच भरतात, विहिरींना पाझर फुटतो तो तेव्हाच, आणि रब्बीच्या ज्वारीला लागणारी ओल काळ्या जमिनीत मुरते ती त्याच दिवसांत. मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात तो हस्त नक्षत्राचा. त्या खेळामागे ह्याच पावसाची आस आहे. जे वादळ एखाद्या वर्षी गावे बुडविते, तेच दहा वर्षे गावे जगवीत असते. हे द्वंद्व ध्यानी घेतल्यावाचून ह्या प्रदेशाचा इतिहास उमगणार नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. आमच्या प्रांताच्या स्मृतीत आपत्ती म्हटली की दुष्काळच येतो. दामाजीपंतांची कथा कोणास ठाऊक नाही? मंगळवेढ्यास त्यांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडी केली, आणि त्यांचा भार हलका करण्यासाठी प्रत्यक्ष पंढरीनाथ विठू महाराच्या वेषाने बीदरच्या दरबारात उभा राहिला. बीदरचे नाव मराठी माणसाच्या ओठी बसले ते ह्या कथेमुळे. पण महापुराची अशी कथा आमच्या कीर्तनांत नाही. ज्याला पाण्याची तहान असते त्याला पाण्याचे भय शिकविलेले नसते. म्हणूनच पाणी आले की ते आम्हांस बेसावध गाठते.

तहानेने आमच्या पूर्वजांना तळी बांधावयास शिकविले. कल्याणच्या चालुक्यांची राजधानी येथून दूर नव्हे. आजचे बसवकल्याण ते हेच. त्यांच्या काळी देऊळ आणि तळे ही जोडीनेच बांधली जात. जलसंगवीच्या शिवालयावर विक्रमादित्याची प्रशस्ती कोरीत उभी असलेली शिलासुंदरी पाहावयास रसिक जातात. त्या गावाच्या नावातच पाणी आहे. बीदरच्या पापनाश शिवालयापाशी तळे आहे, आणि झरणी नरसिंहाच्या दर्शनास तर भक्ताला छातीभर पाण्यातून गुहेत जावे लागते. बहमनी सुलतानांनी बीदरजवळ जमिनीखालून पाणी वाहून नेणारी ‘करेझ’ खोदविली. राज्ये पालटली, धर्म पालटले. पाणी साठविण्याची चिंता मात्र सर्वांची एकच राहिली.

ह्या तळ्यांचे दुसरे रूप १९०८ साली दिसले. भालकी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती आणि तिची राजधानी हैदराबाद. मुसी नदी विकाराबादेजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत, अनंतपद्मनाभाच्या सान्निध्यात उगम पावते व हैदराबाद शहराच्या मधून वाहते. त्या सालच्या सप्टेंबराच्या अखेरीस, सूर्य हस्त नक्षत्री असता, बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळाचे मेघ ह्या खोऱ्यावर येऊन थांबले. नवरात्र नुकतेच बसले होते आणि मुसलमान बांधवांच्या रमझानचाही चंद्र नुकताच दिसला होता. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच व अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस झाला. वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा दोन दिवसांत पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही केवळ पावसाने एवढा अनर्थ झाला नसता. शहराच्या वर मुसीच्या खोऱ्यात त्या काळी ७८८ तळी होती. दर चौरस मैलास जवळजवळ एक. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी खालच्यावर आदळे, तेही फुटे, आणि दोघांचे पाणी मिळून तिसऱ्यावर जाई. अशी २२१ तळी फुटली. जी पिढ्यान्‌पिढ्या अन्न देत आली होती, तीच एकामागून एक नदीच्या बाजूची झाली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीतून सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहिल्याचे पुढे गणिताने ठरविण्यात आले. तीन पूल मोडले. १५७८ सालचा पुराना पूल तेवढा शहराचे दोन काठ जोडून राहिला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली व ऐंशी हजारांचा निवारा गेला, असे सांगतात. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्यावर माणसे चढून बसली आणि वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आले व त्या दिवसाचे स्मारक झाले. उर्दूचे नामवंत रुबाईकार अमजद हैदराबादी यांची माता, पत्नी व कन्या त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. ते एकटे उरले.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले महाल निराश्रितांसाठी उघडले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका हैदराबादेत आजही सांगतात, की त्यांनी धोतर नेसून नदीकाठी जाऊन मुसीला साडीचोळी, हळदकुंकू वाहिले व तिची आरती केली, आणि मग पाणी ओसरू लागले. आख्यायिका ती आख्यायिकाच; इतिहासाच्या काट्यावर ती तोलता येणार नाही. पण संकटात राजा व प्रजा यांच्यामध्ये धर्माची भिंत राहिली नव्हती, एवढे सत्य ती आपल्या परीने सांगते. कोठारे उघडणारे दामाजीपंत आणि महाल उघडणारा निजाम ह्यांना लोकमानसाने एकाच पंक्तीस बसविले, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

पाणी ओसरल्यावर दरबाराने एक शहाणपणाची गोष्ट केली. पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकलेले, नाशिक, धुळे, पुणे अशा ठिकाणी मुंबई सरकारची चाकरी केलेले व खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी कीर्ती पावलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नुकतेच सेवेतून मुक्त झाले होते. त्यांना १९०९ साली हैदराबादेस पाचारण करण्यात आले. त्यांनी पुराचा दोष दैवावर ढकलला नाही. तळी मोजली, पाऊस मोजला, पाण्याच्या खुणा मोजल्या, आणि शहराच्या वर पूर अडविणारे जलाशय बांधावेत असा सल्ला दिला. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली व ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. ज्या पाण्याने शहर बुडविले तेच पाणी पुढे शहराने प्यावयास घेतले. संकटाचा असा सदुपयोग विरळाच.

कालांतराने राज्य गेले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले, जहिराबाद आंध्राकडे गेले आणि भालकी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आली. सीमा आखल्या गेल्या. वादळाला मात्र सीमा ठाऊक नसते. ते २०२० साली पुनश्च दिसून आले.

त्या वर्षी अधिक आश्विन होता आणि सूर्य चित्रा नक्षत्रात होता. १३ ऑक्टोबरच्या सकाळी एक तीव्र अवदाब काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत शिरला. तो चक्रीवादळाच्या पदवीस पोहोचला नव्हता, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. पण त्या निनावी भोवऱ्याने हैदराबादेच्या परिसरात घटकेसरजवळ एका दिवसात सुमारे ३२ सेंटिमीटर पाऊस पाडला, आणि बारा वर्षांपूर्वी शतक उलटून गेलेल्या त्या महापुराची आठवण देत शहराच्या सीमेवरील पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू ही तळी फुटली. पुढे तेलंगण ओलांडून तो आमच्या बीदर-कलबुर्गीच्या पठारावर व तेथून सोलापुराकडे सरकला. उभे तूर व काढणीस आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. भीमा दुथडी भरून वाहिली. अफजलपूर तालुक्यातील गावांना पाण्याने वेढले. पंढरपुरात १४ ऑक्टोबरला कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जणांचा अंत झाला. मग तो क्षीण भोवरा सह्याद्री उतरून सिंधुसागरात गेला, आणि उष्ण पाणी मिळताच १७ ऑक्टोबर रोजी पुनश्च अवदाब झाला. त्याच दिवशी घरोघर घट बसले होते. पूर्व समुद्रात जन्मून पठारावर जवळजवळ मेलेला हा जीव पश्चिम समुद्रात पुन्हा श्वास घेऊ लागला. आणि दोन समुद्रांमधील ह्या त्याच्या वाटेवर आमची भालकी होती.

त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगराच्या नारळीपोफळींच्या वाड्या झोपविल्या होत्या, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने गोव्यास व साऱ्या कोकणपट्टीस झोडपले. पूर्वी सिंधुसागरात वादळे थोडी व बंगालच्या उपसागरात चौपट, असे मानीत. आता पश्चिमेचा समुद्रही तापू लागला आहे व तेथील वादळे अधिक प्रबळ होत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंची दारे उघडी आहेत.

ह्यावर उपाय नाही असे मात्र नाही. १९९९ साली ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ साली ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो माणसे आधीच सुरक्षित स्थळी हलविली होती आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. वारा तोच, समुद्र तोच. मधल्या काळात माणसाने ऐकावयास व वेळीच उठावयास शिकले होते. परंतु ह्या साऱ्या सावधगिरीची नजर किनाऱ्यावर असते. किनाऱ्यास लागल्यावर मरू घातलेले वादळ पठारावर काय करील, ह्याची चिंता पठारावरील लोकांनीच वाहिली पाहिजे.

येथे आम्हांस देवस्थानांची आठवण होते. गावातले सर्वांत उंच व भक्कम जोते बहुधा देवळाचे असते; धर्मशाळा त्याच्याच आवारात असते; आणि तळ्याचा बांधही पूर्वी त्याच्याच देखरेखीखाली असे. त्या बांधावरची झाडे उपटणे, सांडवा मोकळा ठेवणे, गाळ काढून शेतात टाकणे ही कामे देवाची सेवा म्हणून होत. आज सांडव्याच्या वाटेत घरे उभी राहतात आणि ओढ्याच्या पात्रात भराव पडतात. तळे नुसते असून भागत नाही. राखलेले तळे गाव वाचविते व टाकलेले तळे गाव बुडविते, हा १९०८ चा धडा आहे, आणि २०२० साली तोच पुन्हा गिरवावा लागला.

मांजरा नदी पाटोद्याच्या डोंगरांत निघून बीदर जिल्ह्यातून वाहत जाते व कंदकुर्तीस गोदावरीला मिळते. गोदावरी ते पाणी बंगालच्या उपसागरास नेऊन देते. वादळाने ज्या समुद्रातून पाणी उचलले त्यालाच ते परत मिळते. ह्या फेऱ्यात आमच्या वाट्याला येते ते मधले थोडे दिवस. तेवढ्यात ते पाणी राखावयाचे, वापरावयाचे आणि मानाने पुढे वाटेला लावावयाचे. पूर जेथवर चढला तेथे देवळाच्या पायरीवर तिथी व साल कोरून ठेवावे, इतके तरी प्रत्येक गावास सहज करता येईल. भालकीच्या तहाची तारीख विद्वानांनी जपली आहे. ह्या तिसऱ्या इतिहासाच्या तारखा मात्र आपणांसच जपाव्या लागतील. कारण पुढच्या हस्तात किंवा चित्रात आकाश भरून येईल, तेव्हा आपल्या नातवंडांना तहापेक्षा ह्याच तारखा अधिक उपयोगी पडणार आहेत.